मदत हवी आहे: गावात सगळेच "बेस हाय" म्हणतात, ॲपची चाचणी घ्यावी कशी?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला. ॲप लोकांना वापरता येतं का, याच्या चाचण्या घेतो. सध्याचं ॲप कापूस शेतकऱ्यांसाठी आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) गुलाबी बोंडअळीचे किती पतंग सापडले ते नोंदवायचं. सलग ३ दिवस सापळ्यामागे रोज ८ पतंग आले की फवारणीचा इशारा येतो. बनवलं जर्मनीत, चाचणी ब्राझीलमध्ये आणि आपल्या राळेगावकडे.

परवा एका काकाजींचा अंगठा बटणावर नुसता अधांतरी थांबला. "दाबू काय भाऊ? काई बिघडन त् नाई?" दारातून सूनबाई म्हणाल्या, "हिरवं दाबा न मामाजी." त्यांनी दाबलं, मी 'जमलं' असं लिहिलं. तेव्हापासून ते मनाला लागून आहे.

शेवटी, ॲप वापरायला कसं वाटलं हे मोजणारी जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा वाक्यांची प्रश्नावली भरून घेतो. प्रत्येक वाक्याला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) गुण द्यायचे. त्यात एकाआड एक वाक्य उलटं असतं: "वापरायला सोपं वाटलं", मग "उगाच किचकट वाटलं". काकाजींनी दोन्हींना ५ दिले, दहाही वाक्यांना ५. उलट्या वाक्यांचे गुण उलटे मोजतात, त्यामुळे असा हिशेब १०० पैकी बरोबर ५० येतो. सगळीकडे ४ दिले तरी ५०च. ऑफिसात त्याचा अर्थ 'ॲप मध्यम' असा लागतो. माझ्या मते तो आकडा ॲपचा नाहीच. घरी चहा पाजलेल्या पाहुण्याला नावं ठेवायची नाहीत, एवढंच तो सांगतो.

अशाच चाचण्यांच्या तज्ज्ञ अपाला लाहिरी चव्हाण यांच्या 'बॉलिवूड पद्धती'बद्दल वाचलं होतं: माणसाला नाट्यमय गोष्टीत गुंतवायचं, म्हणजे भीड सुटते. करून पाहिलं. म्हटलं, पुतण्या नागपूरला दवाखान्यात अडकलाय, त्याच्या पराटीत (कपाशीत) पाखरं वाढलीत, नोंद तुम्हीच करा. काकाजी एकदम तापले. "हे त् फुलपाखरू काढलं न बाप्पा! आमचं पाखरू असं असते काय?" चित्र खरंच रंगीत फुलपाखराचं होतं. आठवड्यातली ती पहिली खरी तक्रार.

आता अडलंय ते असं. इथे गोष्ट सांगून आणि ब्राझीलमध्ये साध्या सूचनेवर चाचणी घेतली, तर दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवता येतील का? प्रश्नावलीऐवजी तुम्ही काय वापरता? आणि सूनबाईंच्या मदतीने झालेलं काम 'जमलं' धरायचं की नाही? एरवीही त्या जवळ असणारच आहेत. सोमवारी पुढचं गाव आहे, कुणी हे केलं असेल तर नक्की लिहा.