घरी स्वतः शिकलेले संगणकाचे काम अर्जात अनुभव म्हणून दाखवावे का?

प्रश्न
जुन्या संगणकावर लिनक्स बसवून मी घरी फाइल सर्व्हर उभा केला आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल (संकेतस्थळांची नावे तपासून जाहिराती अडवणारी प्रणाली) चालवतो आणि ओळखीच्यांचे बंद पडलेले लॅपटॉप दुरुस्त करून देतो. आता तांत्रिक साहाय्य विभागातील पदासाठी अर्ज करायचा आहे, परंतु जाहिरातीत एका वर्षाचा अनुभव मागितला आहे. हे सारे अनुभव म्हणून लिहिल्यास दिशाभूल ठरेल का, आणि न लिहिल्यास अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होईल का?

प्रतिसाद १
‘कामाचा अनुभव’ या रकान्यात ते लिहू नये. तिथे नोकरी देणारा, पद आणि कालावधी अपेक्षित असतो, आणि पडताळणीच्या वेळी आपल्या बाजूने सांगणारे कोणीच नसते. ‘प्रकल्प’ असा स्वतंत्र विभाग करून तो शिक्षणाच्याही वर ठेवावा. अर्ज मात्र जरूर करावा.

प्रतिसाद २
अशा पदांसाठी मी मुलाखती घेतो. ‘सर्व्हर उभा केला’ एवढ्यावरून मला फारसे कळत नाही. तो बिघडला तेव्हा आपण काय केले, यावरून बरेच कळते. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड रचना म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी जाते, हे ज्याने स्वतः निस्तरले आहे त्याचे उत्तर पाठांतराचे नसते. इंटरनेट बंद असल्याची तक्रार आली, आयपी पत्त्यावरून पिंगला (जोडणी तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर मिळते पण नावाने एकही संकेतस्थळ उघडत नाही, तर आधी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था) तपासावे, हे पाय-होल चालवणाऱ्याला सहज सुचते, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुधा याच जातीच्या असतात.

घरी मिळत नाही ती दुसऱ्यांच्या कामाची जबाबदारी: प्रत्येक तक्रारीची नोंद, बदल करण्यापूर्वी घ्यायची मंजुरी, खोळंबलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे. ही उणीव मुलाखतीत मोकळेपणाने मान्य करावी. कार्यालयांत लागणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज सर्व्हरमधील, वापरकर्त्यांची खाती व परवानग्या सांभाळणारी व्यवस्था) मात्र घरीही शिकता येते; विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती 180 दिवस विनामूल्य वापरता येते.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादाशी मी पूर्णतः सहमत नाही. लॅपटॉपची दुरुस्ती मोबदला घेऊन केली असेल, तर तो स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याची जागा अनुभवाच्याच रकान्यात आहे. एखाद्या संस्थेसाठी विनामोबदला केलेले कामही ‘स्वयंसेवी’ असे स्पष्ट नमूद करून तिथे लिहिता येते. तांत्रिक साहाय्याच्या प्राथमिक कौशल्यांसाठीच्या कॉम्प्टिया ए-प्लस प्रमाणपत्राचाही विचार करावा. त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि ते तीन वर्षे वैध असते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. काही दुरुस्त्यांचे पैसे मी घेतले होते आणि त्यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत. तेवढेच काम अनुभवात दाखवतो. सर्व्हर आणि पाय-होल प्रकल्पांत जातील, बिघाड कसे शोधले त्याच्या नोंदींसह.