हातातलं काम दुसऱ्यावर सोडायला तुम्ही कसे शिकलात? अनुभव लिहा

पाळक (चर्चचे धर्मगुरू), पंच (चर्चचा कारभार बघणारे), महिला मंडळाच्या अध्यक्षा, रविवार शाळेचे शिक्षक, सगळ्यांनी लिहावं. सुरुवात मी करतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. हे आकडे तेव्हा शहरात पोरासोरांनाही पाठ होते. नदीकाठची कुटुंबं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हॉलमध्ये आणली. स्वयंपाकापासून अंथरुणांपर्यंत सगळं मीच बघायचो, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. तीन रात्री झोप नाही. दर तासाला मोबाईलवर पातळी बघायची, जणू माझ्या बघण्यानं पाणी अडणार होतं. चौथ्या पहाटे तांदळाच्या पोत्याला पाठ टेकली ती दुपारीच उठलो. जेवणं झालेली, म्हाताऱ्यांची औषधं दिलेली. तरुण संघातल्या एका मुलीनं किल्ल्या काढून घेतल्या होत्या. आधी मला रागच आला. मग भर वादळात मचव्यात उशीवर डोकं टेकून झोपलेला बायबलमधला येशू आठवला. त्या वादळावर कितीदा संदेश दिला असेल, पण उशीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

पाळकांची पत्नी, शाहूपुरी
रविवार आमच्या विश्रांतीचा नव्हेच. म्हणून ह्यांनी सोमवार ठरवला, आणि पहिल्याच सोमवारी मयत झाली. मयतीला जावंच लागतं. पण बुडालेल्या सुट्टीच्या बदली दुसरा दिवस घ्यायचाच, असं पंचांनी ठराव करून लिहून दिलं, तेव्हा कुठं घडी बसली. त्या दिवशी पहाटे आम्ही दोघं रंकाळ्यावर जातो. मंडळीचा विषय काढायचा नाही.

पंच, करवीर तालुका
आमचं गुऱ्हाळ आहे. रस उकळायच्या काहिलीजवळ गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, उभा असला की मालकानं मधे बोलायचं नसतंय. पाक कधी उतरायचा ते त्याला कळतंय. हे मला लहानपणापासून ठाऊक, पण मंडळीत खजिनदाराच्या वहीत रोज माझं डोकं. बायबलात निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसतो. सासरा इथ्रो सांगतो, अशानं तूही झिजशील आणि लोकही. ‘लोकही’ या शब्दानं मला हलवलं. माझ्यामुळं खजिनदार झिजला होता. वही आता त्याच्याकडंच असते.

रविवार शाळेची शिक्षिका
मला अजून जमलेलं नाही. नाताळच्या नाटकाचे मेंढपाळांचे कपडे रात्री दोनला मीच शिवत बसते. सगळ्यांचं वाचतेय.

निवृत्त पाळक
रक्तदाबानं मला दोन महिने घरी बसवलं. बायबलातला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देव त्याला आधी रागावत नाही. भाकर, पाणी आणि झोप देतो, तेही दोनदा. ते मी अंथरुणावर पडून वाचलं. परतलो तर प्रार्थना सभेचा वार बदललेला आणि माणसं पूर्वीपेक्षा जास्त. दुखलं. 1852 साली वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासून किती पाळक आले नि गेले; मंडळी माझ्यावर उभी नाही हे मला ठाऊक होतं, पण पटायला महिना गेला. तो महिना मी मागच्या बाकावर बसून काढला.

महिला मंडळ, कसबा बावडा
रविवार शाळेच्या ताई, मेंढपाळांचे कपडे माझ्याकडे पाठवा. शिलाई मशीन आहे, आणखी दोघी येतील. मापं आम्हीच मुलांच्या घरी जाऊन घेऊ. तुम्ही बघायला यायचं नाही.