विटी लागून मोतीबिंदू, मुलगा 7 वर्षांचा: थांबायचं की पुढे पाठवायचं?

नेत्रसहायक_तालुका
ग्रामीण रुग्णालयात आलेला मुलगा आहे. उजव्या डोळ्याला विटी लागून 10 दिवस झाले. आत थोडं रक्त साचलं होतं, ते विरलं. नजर 6/36, पिनहोलने (बारीक भोकातून पाहिल्यावर) 6/24. स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) भिंगाच्या मागच्या थरात पाकळ्यांच्या फुलासारखी धूसरता, पुढच्या आवरणावर तपकिरी कडं. डोळा कुठे फाटलेला नाही. इथेच थेंबांवर ठेवू का? पाठवायचं तर काय तपासून लिहून देऊ?

पारदर्शक
फूल आणि कडं, दोन्ही बोथट माराच्या खुणा. कडं म्हणजे बाहुलीच्या काठाचे रंगकण भिंगावर दाबून उमटलेले. त्याने नजर जात नाही. फुलाचा मात्र भरवसा नाही. काही वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, काही मुलांत थोड्या आठवड्यांत सगळं भिंग पांढरं होतं.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी दोन गोष्टी बघाच, नंतर त्या नीट कळत नाहीत. टॉर्च डाव्या डोळ्यावरून उजव्यावर आणा. उजवी बाहुली आकसण्याऐवजी पसरली तर नस किंवा पडदा दुखावलाय. एकटा मोतीबिंदू, कितीही दाट असला तरी, असं करत नाही. तेव्हा ऑपरेशननंतर किती दिसेल याचं आश्वासन पालकांना देऊ नका. दुसरं, मुलाला झटकन इकडेतिकडे बघायला सांगा आणि बाहुलीभोवतीचा रंगीत भाग थरथरतो का पाहा. थरथरला तर भिंग धरून ठेवणारे तंतू तुटलेत.

मग दोन्ही डोळ्यांचा दाब. त्यानंतर बाहुली मोठी करून पडदा अगदी कडेपर्यंत, कारण बोथट मारात तो कडेलाच सुटतो. दिसत नसेल तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी.

नेत्रसहायक_तालुका
टॉर्चला दोन्ही बाहुल्या ठीक. उजवीकडे खालच्या बाजूला थरथर आहे. दाब उजवा 28, डावा 14. प्रेडनिसोलोनचे (स्टिरॉइडचे) थेंब पहिल्या दिवसापासून चालू आहेत.

भिंग_आणि_तंतू
मग थांबू नका, याच आठवड्यात पाठवा. बालनेत्रतज्ज्ञ आणि पडद्याचे सर्जन दोन्ही असतील अशाच ठिकाणी. दाब चढायला स्टिरॉइड हे एक कारण असू शकतं, मुलांत तो लवकर चढतो. पण रक्ताने किंवा माराने डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोनही बिघडलेला असू शकतो. थेंब एकदम बंद करू नका, सूज उसळते. कमी कसे करायचे ते फोनवर विचारून घ्या. दाब उतरवणारे टायमोलोलचे थेंब देण्याआधी दम्याची चौकशी करा. कोनाची तपासणी रक्त गेल्यावर काही आठवड्यांनी होते. कोन मागे सरकलेला निघाला तर वर्षातून एकदा दाब, आयुष्यभर. काचबिंदू वर्षांनी उगवतो आणि तोवर विटी कोणाच्या लक्षातही नसते, म्हणून हे केसपेपरवर ठळक लिहा.

ऑपरेशन सहसा सूज उतरल्यावर करतात. भिंग फुगून दाब चढला, आवरण फाटून गर बाहेर आला किंवा भिंग पुढे सरकलं तर मात्र लगेच. तंतू साधारण 3-4 तासांच्या भागात, म्हणजे घड्याळाच्या तबकडीचा पाव ते तिसरा हिस्सा, तुटले असतील तर आवरणात ताण देणारी रिंग बसवून कृत्रिम भिंग त्यातच ठेवता येतं. त्याहून जास्त असेल तर रिंग किंवा भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बांधावं लागतं. हे पालकांना आधीच सांगा.

पट्टीवाली_ताई
या वयात खरी लढाई ऑपरेशननंतरची. सातव्या वर्षी डोळा आळशी पडू शकतो. कृत्रिम भिंग जवळ-दूर जुळवून घेत नाही, म्हणून जवळच्या वाचनाचा नंबर असलेला बायफोकल चष्मा लागतोच. चांगल्या डोळ्यावर पट्टी रोज 2 ते 6 तास, किती ते नजरेवर ठरतं. भिंगाचं मागचं आवरण मुलांत पटकन गढूळ होतं. ते ऑपरेशनमध्येच मध्यभागी उघडलं का, हे डिस्चार्ज कार्डवर शोधा. नसेल उघडलं आणि नजर पुन्हा घसरली, तर पट्टी वाढवत बसण्याआधी तेच तपासा.