बोलत नाही, पण मोठा होतोय: घरची थेरपी आणि शिक्षण, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती (आई, पुणे, मुलगा 14)

ऑटिझमवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक तीन-चार वर्षांच्या मुलांबद्दल असतं. लवकर निदान करा, लवकर थेरपी सुरू करा, पहिला शब्द कधी आला वगैरे. आमच्याकडे शब्द आलेला नाही आणि मिसरूड फुटलंय. थेरपी सेंटरच्या छोट्या खुर्च्यांत तो मावत नाही. बाराच्या पुढची मुलं नकोत हे बरीच सेंटर्स आडून आडून सांगतात. स्वमग्न मुलांपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के मुलं मोठेपणीही बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आपण काही थोडेथोडके नाही. तरी ही मुलं मोठी झाल्यावर घरात दिवसभर काय करतात, काय शिकतात, यावर कुणी बोलत नाही.

म्हणून विचारतेय. चमत्कार नकोत, तुमच्याकडे रोज काय चालतं ते लिहा. मुलांची, शाळांची, डॉक्टरांची नावं टाळा. आहार, जडीबुटी आणि स्टेम सेल यांची जाहिरात इथे नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीत ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तेवढ्यावर तो विषय संपवू.

बाबा, डोंबिवली, मुलगा 16

आमच्याकडे अकराव्या वर्षापर्यंत स्पीच थेरपी म्हणजे मेणबत्ती फुंका, ओठांना मध लावा, आरशासमोर ‘आ’ म्हणा. पोरगा मेणबत्ती उत्तम फुंकतो. मग नवीन स्पीच थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “त्याला काही नको असेल तर तो कसं सांगतो?” आम्ही म्हटलं, मनगट चावतो. त्या म्हणाल्या, मग काम तिथून सुरू करायचं.

त्यांनी टॅबवर चित्रांचं अ‍ॅप सुरू करायला लावलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ त्याहून सविस्तर आहे. आम्ही ‘जेलो’पासून सुरुवात केली, पुढे ‘आवाज’कडे गेलो. माझ्या आईला धास्ती होती की आयतं बटण मिळालं तर हा तोंडाने बोलणारच नाही. थेरपिस्टनी समजावलं की आजवरच्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. आमच्याकडे बोलणं वाढलं नाही. पण चावणं कमी झालं.

लोक टॅब देतात आणि मूल बटण दाबेल म्हणून वाट बघत बसतात. तसं होत नाही. पहिले कित्येक महिने बटणं फक्त आम्ही दाबत होतो. मी चहा पिताना ‘अजून’ दाबायचो, बायको कुकर बंद झाला की ‘संपलं’. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो तेव्हा ते कुठे उत्तर देतं? शब्दही निवडून घेतले. सफरचंद, हत्ती, विमान असले नकोत. नको, थांब, अजून, संपलं, मदत, दुखतंय, बाहेर. बटणांच्या जागा कधी बदलायच्या नाहीत, कारण बोटांना जागा पाठ होते. आणि काही विचारलं की थांबायचं. मी मनात दहा आकडे मोजतो. आपल्या लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं. चौथ्या आकड्याला कुणीतरी मध्ये बोलतंच.

मग ‘नको’ आलं आणि महिनाभर घरात दुसरं काही ऐकूच येईना. आंघोळ नको, शाळा नको, आत्याने गालाला हात लावलेला नको. थेरपिस्टचं म्हणणं असं की जिथे शक्य असेल तिथे ते नको मानायचंच, नाहीतर बटणाला किंमत राहत नाही आणि पोरगा पुन्हा मनगटाकडे जातो. आत्याच्या बाबतीत त्याचं नको मानलं. आत्या रुसल्या. औषधाच्या वेळी मात्र “नको कळलं. औषध घ्यायचं. मग गाणी,” असं बोलून आणि दाखवून सांगतो.

टॅब चार्ज नसतो, पावसात बाहेर काढता येत नाही. म्हणून तीच बटणं कागदावर छापून लॅमिनेट केलीत. एक प्रत मोरीच्या दारावर, एक फ्रीजवर, एक त्याच्या खिशात. त्याच खिशात आमच्या नंबरांची चिठ्ठीही असते.

आई, सातारा जिल्हा, मुलगा 17

आमच्या गावाजवळ थेरपिस्ट नाही. महिन्यातून एकदा पुण्याच्या बाईंशी व्हिडिओ कॉल, बाकी सगळं घरात. पोरगं लहान होतं तेव्हा मला वाटायचं ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून असते ती) म्हणजे तो मोठा बॉल आणि झोपाळा. बाईंनी सांगितलं, अंगाला जोर लागेल असं काम द्या, त्यानं ही मुलं शांत होतात. जोराच्या कामाला आमच्याकडं काय तोटा! सकाळी आडातून पाणी शेंदतो, बादल्या उचलून न्हाणीत ओततो, कणीक तिंबतो, शेणाची पाटी उचलतो. शाळेत जायच्या आधी हे झालं तर दिवस बरा जातो. झालं नाही तर अकराच्या सुमाराला डोकं धरून ओरडायला लागतो.

शिकवायची पद्धत उलटी धरायची, शेवटून. शर्ट घालायला शिकवताना सगळी बटणं मी लावायची, शेवटचं त्यानं. ते जमलं की शेवटची दोन. काम पुरं झालं हे प्रत्येक वेळी त्याच्या हातानं होतं, म्हणून कंटाळत नाही. भाकरी अजून जमत नाही, थापताना हाताला चिकटते ते त्याला सहन होत नाही. शेंगा फोडायला बसला तर मात्र उठत नाही. शेजारच्या दोन घरांच्या शेंगाही आता आमच्या सोप्यात येतात. त्याचे पैसे घेते मी, आणि त्याच्याच हातात देते. दुकानात जाऊन तो नोट देतो, चिक्की घेतो. हिशेब कळत नाही, पण पैसे दिले की वस्तू मिळते हे पक्कं कळलंय.

आई, नागपूर; मुलगी 14

मुलींबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. पाळी यायच्या वर्षभर आधीच आम्ही पॅडची सवय लावली. आठवड्यातून एक दिवस, थोडा वेळ, कोरडं पॅड. तिला शिवणी आणि चिकटपणा सहन होत नव्हता, म्हणून तीन-चार प्रकार आणून बघितले, शेवटी मऊ कापडी पटलं. चड्डीवर पेनाने पॅडचा आकार काढून ठेवला, तिथेच ठेवायचं हे तिला दिसतं. पॅड केव्हा बदलायचं हे रक्त बघून तिला समजत नाही, म्हणून वेळा बांधल्या: आंघोळीला, जेवणाआधी, चहाच्या वेळी, झोपताना. बाथरूममध्ये चित्रांची पट्टी आहे, शेवटचं चित्र वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकण्याचं.

नातेवाईकांनी दबक्या आवाजात “पिशवीच काढून टाका ना” सुचवलं. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्यात काढल्या, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. तीस वर्षांनंतर तोच सल्ला सोफ्यावर बसून चहाबरोबर मिळतो. पिशवी काढल्याने मुलीला कोणी हात लावणार नाही असं होत नाही, फक्त कोणी हात लावला तरी ते कळणार नाही. तिला आम्ही ‘माझं अंग’ आणि ‘नको’ शिकवतोय. आंघोळ घालायला आई किंवा आजी, तिसरं कोणी नाही. आता बरीचशी तिची तीच करते.

मोठा भाऊ, मुंबई, धाकटा 15

आईबाबा इथे लिहिणार नाहीत ते मी लिहितो. वयात येणं. भाऊ हॉलमध्ये पाहुण्यांसमोर पॅन्टमध्ये हात घालायचा. बाबा ओरडायचे, आई उठून जायची. ओरडण्याने काही होत नाही, त्याला तो खेळ वाटतो. स्पेशल एज्युकेटरनी एक वाक्य दिलं, “हे खोलीत, दार लावून,” आणि खोलीचं चित्र. प्रत्येक वेळी, न चिडता, तेच वाक्य आणि खोलीकडे नेणं. जमलं. ‘वाईट’, ‘घाण’ हे शब्द घरात बंद केले, कारण करणं चूक नाही, जागा चूक आहे.

दाढीचं काम माझ्याकडे आहे. इलेक्ट्रिक ट्रिमरचा आवाज आधी दुसऱ्या खोलीतून ऐकवला, मग हातावर, मग गालावर. आधी माझी दाढी, मग त्याची.

आजी, सांगली, नातू 13

मी एक व्हिडिओ पाहिला. न बोलणारा मुलगा, शेजारी बाई त्याचा हात धरते आणि तो पाटीवर एकेक अक्षर दाखवत मोठमोठी वाक्यं लिहितो. आमच्या बाळाला असं शिकवता येईल का? पाहून रडूच आलं.

बाबा, डोंबिवली

आजी, रडू येणं साहजिक आहे, आम्हीही त्यातून गेलोय. पण हात धरून किंवा पाटी हवेत धरून जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा धरणाऱ्याचंच असतं, त्यालाही नकळत. मुलाला एक चित्र आणि धरणाऱ्याला दुसरं दाखवून चाचण्या झाल्या, तेव्हा धरणाऱ्याने पाहिलेलं लिहून आलं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने 2018 मध्ये या पद्धती वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. नातवाला अक्षरांची आवड असेल तर कीबोर्ड जरूर द्या. फक्त टेबलावर ठेवा आणि बोट त्याचं एकट्याचं असू द्या. एका दिवसात ‘चहा’ एवढंच आलं तरी ते त्याचं असेल.

स्पेशल एज्युकेटर, नाशिक

पंधरा वर्षांच्या मुलासमोर अजून मणी आणि लाकडी कोडी ठेवलेली दिसतात. त्याला ते पाच वर्षांपूर्वीच येत होतं. जुळवाजुळव हवीच असेल तर काटे-चमचे वेगळे करा, मोजे जोडा, किराणा डब्यांत भरा. वाचायला बाराखडीपासून सुरुवात व्हायलाच हवी असं नाही. काही मुलं आख्खा शब्द चित्रासारखा ओळखतात: ‘पार्ले’, ‘थांबा’, ‘पुरुष’, ‘स्त्रिया’. शेवटचे दोन फार उपयोगी. ज्यांना पुस्तकी अभ्यास झेपतो त्यांच्यासाठी एनआयओएसची मुक्त शाळा आहे, विषय निवडता येतात आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. पण सगळ्यांना तिथे ढकलू नका. मुलगा परीक्षेत लेखनिकाशेजारी बसून राहतो आणि घरी प्रमाणपत्र येतं, असंही पाहिलंय.

आई, ठाणे, मुलगा 15

मुलगा अचानक डाव्या कानावर बुक्क्या मारायला लागला. सगळे म्हणाले, वय आहे, हार्मोन्स. एका डॉक्टरांनी वर्तनासाठी गोळी लिहून दिली. आमच्या मोलकरीण मावशींनी सांगितलं, “ताई, तो एकाच बाजूनं खातोय.” दाढ किडली होती, मुळापर्यंत. भूल देऊन काढावी लागली, दुसऱ्या दिवसापासून बुक्क्या बंद. आता वागणं बदललं की आधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, झोप. वर्तनाचा विचार नंतर. अंग ताठ होणं, क्षणभर शून्यात जाणं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, कारण ऑटिझममध्ये या वयात फिट्स सुरू होण्याची शक्यता असते.

बाबा, कोल्हापूर, मुलगा 18

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर माझं मत. रिस्पेरिडोन हे वर्तनासाठीचं औषध दिलं आणि पोराची भूक अशी सुटली की स्वयंपाकघराला कुलूप लावायची वेळ आली. वजन वाढलं ते वाढलंच. मी बंद करा म्हणून भांडलो. डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं. पोहायला घातला. पाण्यात दोन तास असतो, त्याला पाण्यातनं बाहेर काढणं हीच आमची थेरपी.

आई, ठाणे

दादा, पटलं, पण सगळ्यांना तसं सांगू नका. माझ्या बहिणीचा मुलगा आईचे केस उपटायचा, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचा. तिथे गोळीने घर वाचलं. वजन आणि साखर तपासत राहायची, बस.

बाबा, कोल्हापूर

मी माझ्या घरचं सांगितलं.

आई, न्यू जर्सी, मुलगा 16

इथे शाळा एकविसाव्या वर्षापर्यंत जबाबदारी घेते, थेरपी शाळेतच होते. त्याबद्दल हेवा वाटणं रास्त आहे. पण त्याच्या बोलण्याच्या बटणांच्या डिव्हाइसवर सगळं इंग्लिश. सुरुवातीला आम्हाला घरी फक्त इंग्लिश बोला असं सांगितलं होतं, नंतरच्या थेरपिस्टने ते खोडून काढलं, दोन भाषांनी अशा मुलांचं नुकसान होत नाही म्हणाली. मग मी माझ्या आवाजात मराठी बटणं भरली: वरणभात, आजी, कंटाळा आला. भारतातून व्हिडिओ कॉल आला की तो ‘आजी’ दाबतो आणि लगेच ‘संपलं’. आजी हसतात.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचतेय. कोल्हापूरकर दादा, तुमचा मुलगा अठराचा आहे म्हणून विचारते, पालकत्वाचं काय केलंत? बँकेत अडवतात असं ऐकलंय.

बाबा, कोल्हापूर

अडवतात. अठरा झाली की कायद्यानं तो सज्ञान, आपण आईबाप असलो तरी त्याच्या वतीनं आपोआप सही चालत नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. तिथे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावं लागतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आधीच काढून ठेवा, सगळीकडे तेच मागतात. आणि त्याच ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात येतो, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. समितीसमोर जाताना मुलाला घेऊन जा. आमचा टेबलाखाली जाऊन बसला होता, साहेबांनी तिथूनच त्याला नमस्कार केला. आणि सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स न्या, तिथलं मशीन आमच्या वेळी बंद होतं.