‘फ्युरी रोड’मधील फ्युरिओसा आणि चाहत्यांचे प्रेम: हे कौतुक कितपत रास्त आहे?

पाचवा गिअर (प्रश्न)

जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ मी २०१५ साली थिएटरात पाहिला, तेव्हा बाहेर पडताना माझ्या लक्षात राहिले होते ते एवढेच, की ढोलांनी भरलेल्या ट्रकसमोर लोंबकळत एक आंधळा माणूस ज्वाळा ओकणारी गिटार वाजवत होता. गेल्या आठवड्यात कॉलेजात शिकणाऱ्या भाचीबरोबर तो पुन्हा पाहिला, तेव्हा तिने अर्ध्यावर थांबवून मला बजावले, ‘मामा, हा मॅक्सचा सिनेमा नाहीच, फ्युरिओसाचा आहे.’ (फ्युरिओसा म्हणजे हुकूमशहाच्या ‘बायकां’ना ट्रकमधून पळवून नेणारी, एक हात नसलेली योद्धा.) तिच्या मैत्रिणींच्या गटात या चित्रपटाचे जवळजवळ पारायण चालते, आणि त्यांच्या मते मारधाडपटांत स्त्रीचे आणि अपंगत्वाचे इतके नेटके चित्रण दुसरे झालेले नाही.

मला चित्रपट आवडतो, पण हे कौतुक मात्र पूर्णपणे पटत नाही. नाव मॅक्सचे आहे. ज्या पाच ‘बायकां’ना हुकूमशहाच्या तावडीतून सोडवायचे आहे त्या सगळ्या जणू मासिकाच्या मुखपृष्ठावरून उतरलेल्या आहेत, आणि त्यांचे पहिले नीट दर्शन होते ते भर वाळवंटात नळीच्या पाण्याखाली, पातळ पांढऱ्या कपड्यांत. मारधाडपटांत स्त्रियांच्या वाट्याला इतके थोडे येते, की जरा बरे काही दिसले की आपण पोटभर जेवल्यासारखे बोलू लागतो, असे तर झालेले नाही ना? उत्तर देताना शक्यतो एखादे दृश्य समोर ठेवून बोलावे, ही विनंती.

तिसरी घंटा

नळीच्या दृश्याबद्दलची आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. फक्त त्याच दृश्यात पुढे काय होते ते पाहावे. मॅक्स पाण्याकडे बघत असतो. तेवढ्यात बोल्टकटरने त्या स्त्रियांच्या कमरेचे लोखंडी पट्टे कापले जातात आणि त्यांतली एक जण तो पट्टा लाथेने उडवते. आपली नजर ज्या शरीरांवर खिळवली होती ती कुलूपबंद होती, हे दिग्दर्शक लगेच दाखवतो. ही हुशारी आहे की पळवाट, हे माझेही दर वेळी वेगळे ठरते.

माझे खरे म्हणणे संकलनाबद्दल आहे. मार्गारेट सिक्सेल या मिलर यांच्या पत्नी; त्यांनी याआधी मारधाडपट कधीच संकलित केला नव्हता. त्यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचे चित्रीकरण होते आणि त्यातून दोन तासांचा चित्रपट उभा राहिला, ज्यासाठी त्यांना २०१६ चे ऑस्कर मिळाले. दृश्यातील महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यभागी ठेवायची, हा नियम छायालेखक जॉन सील यांनी इतका काटेकोर पाळला आहे, की एका सेकंदात दोनदा दृश्य बदलले तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. आता त्या मध्यभागी काय असते ते मोजावे: फ्युरिओसाचे डोळे, कपाळावरचे काळे वंगण, स्टिअरिंगवरचा हात, गिअर. चार्लिझ थेरॉनसारखी देखणी अभिनेत्री हाताशी असताना कॅमेरा तिच्या अंगावरून एकदाही रेंगाळत जात नाही. प्रतिनिधित्व म्हणजे पडद्यावर कोण आहे एवढेच नव्हे, तर कॅमेरा त्याच्याकडे कशासाठी पाहतो हेही त्यात येते, असे मी मानतो.

शिवाय बंदुकीचे दृश्य आहेच. रात्री दलदलीत ट्रक रुतलेला, गोळ्या मोजक्या, मॅक्सचे नेम चुकतात आणि एकच गोळी उरते. तो काही न बोलता बंदूक मागे सरकवतो, फ्युरिओसा त्याच्या खांद्याचा आधार घेऊन नेम धरते आणि ‘श्वास घेऊ नकोस’ एवढेच म्हणते. ‘बाई असूनही नेम चांगला आहे’ असे कोणी म्हणत नाही. हे ‘असूनही’ गाळणे फार थोड्यांना जमते.

सांधेजोड

मी गेली अठरा वर्षे कृत्रिम हातपाय बनवण्याचे काम करतो, त्यामुळे हा चित्रपट मी जरा तिरक्या नजरेने पाहिला हे आधीच कबूल करतो. (अठरा वर्षांत सिनेमातल्या नकली हातांवर कपाळाला हात लावण्याचे प्रसंग पुष्कळ आले.)

फ्युरिओसाचा डावा हात कोपराखाली थोड्या अंतरावर संपतो. थेरॉन यांच्या हातावर हिरवी बाही चढवून चित्रीकरण केले गेले आणि पुढचा भाग नंतर संगणकावर पुसला गेला. तंत्राच्या दृष्टीने त्या भंगारातून जोडलेल्या हातात मला खोट दिसते. आमच्याकडच्या साध्या यांत्रिक हातात पाठीवरून दुसऱ्या खांद्याला वळसा घालणारा पट्टा असतो, त्याला तार जोडलेली असते, खांदा पुढे ढकलला की तार ताणली जाते आणि पंजा उघडतो. फ्युरिओसाला पट्टे भरपूर आहेत, पण बोटे नेमकी कशाने मिटतात याचा पत्ता मला चार वेळा पाहूनही लागलेला नाही.

असे असूनही हे चित्रण मला विलक्षण खरे वाटते, त्याचे कारण मॅक्स आणि फ्युरिओसाची पहिली झटापट. त्या वेळी तिने हात काढून ठेवलेला आहे. बाहेरच्यांना वाटते की कृत्रिम हात माणूस सकाळी चढवतो तो रात्रीच उतरवतो. प्रत्यक्षात उन्हाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे हाताचा उरलेला भाग जिथे बसतो त्या खोबणीत, घाम साचतो, कातडी सोलवटते आणि घरी आल्यावर माणूस चपलेच्या आधी हात काढतो. ती तो काढून बसलेली असताना हल्ला होतो आणि ती एका हाताने, दुसऱ्याच्या उरलेल्या भागाने आणि दातओठ खाऊन लढते. कोणी तिची कीव करत नाही, आणि ‘हात कसा गेला’ असे संपूर्ण चित्रपटात एकदाही विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला हा प्रश्न एसटीत, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. कित्येक जण त्या प्रश्नामुळेच हात बसवून घ्यायला येतात, कामासाठी नव्हे.

पुढे, ज्या हिरव्या प्रदेशाच्या आशेने ती निघाली तो उरलाच नाही हे कळते, तेव्हा ती चालता चालता पट्टे सोडून हात टाकून देते आणि वाळूत गुडघ्यांवर कोसळते. त्या क्षणी तो हात म्हणजे उतरवलेले ओझे असतो, दुसरे काही नाही. हात नसलेल्या मुलींनी फ्युरिओसाचा वेश करून काढलेली छायाचित्रे मी पाहिली आहेत आणि त्या उत्साहाला मी तरी अतिशयोक्ती म्हणणार नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे बाविसेक वर्षांची एक मुलगी आली होती. आम्ही सवयीने कातडीच्या रंगाचे हातमोजे पुढे ठेवले, तर ती म्हणाली, ‘जवळून बघितलं की कळतंच ना सर? मग काळाच द्या.’ ही मागणी दहा वर्षांपूर्वी कोणी केलेली मला आठवत नाही. त्यात या चित्रपटाचा वाटा किती, हे मात्र मी सांगू शकत नाही. तिने सिनेमाचे नावही काढले नव्हते.

कुंपणापलीकडे

सांधेजोड यांचा प्रतिसाद आवडला, पण त्याच चित्रपटात दुष्टांची शरीरे कशी आहेत तेही पाहावे. हुकूमशहा इमॉर्टन जोच्या पाठीवर फोड आणि तोंडाला श्वसनयंत्र, त्याच्या साथीदाराला, ‘पीपल ईटर’ला, धातूचे नाक आणि सुजलेले पाय. व्यंग म्हणजे मनातली विकृती, हे जुनेच समीकरण इथे बिनदिक्कत वापरले आहे. एका हाताचे कौतुक करताना बाकीच्या देहांची भीती आपण निमूटपणे गिळतो. जोच्या सैन्यातल्या नक्सचा अपवाद मी मान्य करतो. स्वतःच्या मानेवरच्या गाठींना लॅरी आणि बॅरी अशी नावे ठेवणारा तो मुलगा माझ्या मते चित्रपटातले सर्वांत मायेने लिहिलेले पात्र आहे.

दुसरे म्हणजे, कथा ऑस्ट्रेलियाच्या भूमीतली, चित्रीकरण बरेचसे नामिबियातले, आणि प्रमुख पात्रांत दोन्हीकडच्या मूळ रहिवाशांपैकी कोणी नाही. याच मालिकेच्या १९८५ सालच्या भागात टीना टर्नर यांची आँटी एंटिटी एका अख्ख्या वसाहतीवर राज्य करत होती, हे आठवले की पुढे आलो की मागे गेलो असा प्रश्न पडतो.

आणि ‘हात कसा गेला’ हे कोणी विचारत नाही म्हणून आनंद मानणाऱ्यांना २०२४ च्या ‘फ्युरिओसा’ने त्याचे उत्तर सविस्तर देऊन टाकले आहेच. घराच्या वाटेचा ताऱ्यांचा नकाशा ज्या हातावर गोंदलेला होता तोच हात सुटकेसाठी तिला स्वतःच गमवावा लागतो. प्रसंग जोरदार आहे, पण एसटीतल्या त्या प्रश्नकर्त्याची सोय झाली, असे मला वाटले.

बटवा

माझे वय ६७ आहे आणि हा चित्रपट मुलाने आग्रहाने दाखवला. पहिला तासभर आवाजाने डोके उठले होते. मग वाळवंटातून मोटरसायकलींवर फ्युरिओसाच्या मूळ टोळीतल्या म्हाताऱ्या आल्या आणि मी सावरून बसले. सुरकुत्या, पांढऱ्या वेण्या, उन्हाने करपलेले चेहरे, आणि नेम अचूक. आमच्या वयाच्या बायकांना सिनेमात एक तर देवघरात बसवतात किंवा फोटोला हार घालून भिंतीवर टांगतात.

त्यांतली एक जण पिशवीतून बिया काढून तरुण मुलीला दाखवते, आणि जिथे जाईन तिथे एखादी पेरून पाहते असे सांगते. माझी आई भोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बिया राखेत घोळून गाडग्यात जपायची. कोणत्या वेलाच्या, ते तिलाच कळायचे. ती म्हातारी शेवटच्या पाठलागात मरते, पण पिशवी त्या मुलीकडे राहते. तसेच, जोच्या किल्ल्यात यंत्राला जोडून ज्यांचे दूध काढले जात होते त्या स्थूल बायकाच अखेरीस सगळ्यांसाठी पाणी सोडतात. त्या पाच सुंदर मुलींवर इतकी चर्चा होते, या बायकांचा उल्लेख मात्र इथे अजून कोणी केला नव्हता, म्हणून लिहिले.

पाचवा गिअर

बटवा काकू, त्या दूधवाल्या बायका मलाही दोन्ही वेळा पाहून आठवत नव्हत्या. त्यामुळे मी ‘मासिकाच्या मुखपृष्ठा’ची तक्रार करताना स्वतः कुठे पाहत होतो, हे वेगळे सांगायला नको. कुंपणापलीकडे यांचा व्यंगाबद्दलचा आक्षेप मला अजूनही बिनतोड वाटतो आणि भाचीलाही त्याचे उत्तर देता आले नाही. ‘पण नक्स...’ म्हणून ती थांबली. झटापटीचे दृश्य मात्र आम्ही काल थांबवून थांबवून पुन्हा पाहिले आणि सांधेजोड यांनी लिहिल्याप्रमाणे तिचा डावा हात खरोखरच मोकळा होता. पूर्वी ते माझ्या लक्षातच आले नव्हते.

सांधेजोड, एक विचारायचे राहिले. त्या मुलीला शेवटी काळा हात मिळाला का?

सांधेजोड

मिळाला. सॉकेट काळे, पंजाही काळा, आणि खांद्यावरचा पट्टा तिने स्वतः निवडलेला. कातडीच्या रंगाचा हातमोजाही तिने वेगळ्या पिशवीत बांधून घेतला. गावाकडे लग्नकार्याला लागेल, म्हणाली.