लॅपटॉपची हार्डडिस्क टकटक करतीय, स्वतः बदलू का?

उद्यमनगरकर:
नमस्कार मंडळी. उद्यमनगरात वडिलांचं पॅटर्नचं (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्यांचं) वर्कशॉप आहे, ड्रॉइंगचं काम मी बघतो. लॅपटॉप जुना आहे, १ टीबीची फिरती हार्डडिस्क. हल्ली आतून टक-टक आवाज येतोय, विंडोज उघडायला फार वेळ लागतो, मधूनच निळा पडदा. फाउंड्रीवाल्यांची सगळी ड्रॉइंग त्यातच आहेत, बऱ्याच फायलींची दुसरी प्रत नाही. एका दुकानात म्हणाले, डिस्क बदलतो, डेटाची हमी नाही. स्क्रू खोलायला हात बसलेला आहे. काय आणू, कुठून सुरुवात करू?

राजारामपुरी_रिपेअर:
भावा, आधी लॅपटॉप बंद कर. चालतोय का बघायला पुन्हा पुन्हा चालू करू नकोस. विंडोज उघडताना डिस्कवर सारखं वाचणं-लिहिणं चालू असतं. डिस्कचा जेवढा दम उरलाय तेवढा तुझ्या ड्रॉइंगवर खर्च व्हायला पाहिजे, विंडोजवर नाही.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हला उबुंटू (विंडोजसारखीच, फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकून घे, लॅपटॉप त्यावरूनच चालू कर. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं 'ट्राय' म्हणायचं. बाहेरची यूएसबी डिस्क लाव आणि ज्याची दुसरी प्रत नाही ते फोल्डर पहिल्यांदा ओढ. गाणी, फोटो नंतर. विंडोज स्वतःहून चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवायला लागलं तर चालू देऊ नकोस. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते घातक आहे.

डिस्क बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसेनाशी झाली, तर तिथंच थांब. टकटक बहुतेक वेळा हेडची (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाची) असते, आणि बिघडलेलं हेड आतल्या तबकडीवर ओरखडे काढतं. मग डेटा रिकव्हरीच्या लॅबलाच द्यायची. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, आत पाणी धरतं. झाकण तर अजिबात उघडायचं नाही, धुळीचा कण पुरतो.

फायली निघाल्या की बदलणं सोपं आहे. चार्जर काढ, बॅटरीचं कनेक्टर सोडव, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धर. मागच्या कव्हरचे स्क्रू लहान-मोठे असतात, पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी खोच. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला लागतो. क्लिपा प्लास्टिकच्या कार्डानं सोडव. डिस्क कनेक्टरमधून सरळ आडवी सरकवायची, वर उचकटायची नाही. पत्र्याची चौकट जुन्या डिस्कची काढून नव्या एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या डिस्कला) लाव.

कागल_एमआयडीसी:
नवी घेताना २.५ इंची साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी मागा, ७ मिमी जाडीची. जुनी ९.५ मिमीची असली तरी ही बसते, ढिली वाटली तर पट्टी लावायची. बोर्डावर एम.२ चा (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट असेल तर तो साटाचा की एनव्हीएमईचा (जास्त वेगवान जोडणीचा), हे लॅपटॉपच्या मॉडेलवरून बघून मगच घ्या.

गंगावेस_ताई:
विंडोजची की (लायसन्सचा नंबर) शोधत बसू नका. लॅपटॉप विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट आला असेल तर बहुतेक की बोर्डावरच असते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर करून ठेवा. फक्त एक बघा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जुन्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी मिळवा, नाहीतर उबुंटूत फायली उघडणार नाहीत.

उद्यमनगरकर:
उबुंटूनं बरंच काम झालं. चालू ऑर्डरची सगळी ड्रॉइंग बाहेर निघाली, वडिलांचा जीव भांड्यात पडला. दोन जुने फोल्डर मात्र कॉपी करताना अडकून बसतात, आवाजही वाढतो.

राजारामपुरी_रिपेअर:
मग ओढाओढ थांबव. डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम) वापर. चांगला भाग ते आधी उचलतं, अडलेली जागा सोडून पुढं जातं, शेवटी परत तिथं येतं. नोंदीची फाइल ठेवायला विसरू नकोस, मधेच बंद पडलं तरी तिथूनच पुढं चालू होतं. सगळी प्रत १ टीबीपेक्षा मोठ्या रिकाम्या डिस्कवर घे, नव्या एसएसडीवर नाही. त्या दोन फोल्डरांशिवाय काम अडणार नसेल तर एसएसडी आजच बसव, जुनी डिस्क तशीच बाजूला ठेव.