सूट आहे ती आठवीनंतरची

अमिश म्हणजे अमेरिकेतला, जुनी साधी राहणी धरून असलेला ख्रिस्ती पंथ. 'अमिश मुलांना शाळाच माफ आहे' असं म्हणतात, ते काही खरं नाही. आठवीपर्यंत ती शिकतातच, बहुतेक त्यांच्याच एका खोलीच्या शाळेत. शिकवणारीही बहुधा त्यांच्यातलीच, स्वतः आठवी झालेली एखादी तरुण मुलगी. भांडण होतं ते पुढच्या एक-दोन वर्षांचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा कायदा म्हणत होता सोळाव्या वर्षापर्यंत शाळा. तिथल्या न्यू ग्लेरस गावच्या योडर आणि आणखी दोघा बापांनी चौदा-पंधरा वर्षांची पोरं हायस्कुलात धाडली नाहीत. दंड किती? प्रत्येकी ५ डॉलर! तेवढ्यावरून खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये योडर आणि मंडळी जिंकली. (अमिश स्वतः सहसा कोर्टाची पायरी चढत नाहीत, वकील बाहेरच्या हितचिंतकांनी उभा केला.)

मी अडखळतो ते याच खटल्यातल्या एका न्यायमूर्तींच्या, न्या. डग्लस यांच्या अंशतः वेगळ्या निकालपत्रापाशी. तीन मुलांपैकी साक्ष झाली फक्त एकीची. बाकीच्या दोघांना कुणी विचारलंच नाही. उद्या पोराला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हावंसं वाटलं तर, असं डग्लस विचारतात. आठवी पास पोरगा हे स्वप्न कुठून आणणार?

पण मग आयोवातला १९६५ चा तो फोटो आठवतो. अमिश मुलांना बसमध्ये घालून सरकारी शाळेत न्यायला अधिकारी आलेत, आणि टोप्या घातलेली पोरं मक्याच्या शेताकडे धूम ठोकतायत. तो पाहिला की सरकारची बाजूही जिभेवर येत नाही.